कोटेशनची शेवटची ओळ

बेळगावात, निपाणीत किंवा मधल्या कुठल्याही गावात घर, दुकान, दवाखाना, वखार असं काही नव्यानं उभं राहायला लागलं की मालकाच्या हाती विजेच्या कामाचं कोटेशन येतं. वरच्या ओळींत बटणांच्या कंपनीचं नाव, वायरची बंडलं, एमसीबी, पंखे, दिवे. चार दिवसांनी दुसरा माणूस दुसरा कागद आणून देतो. त्यावर कॅमेरे, नेटवर्क स्विच, वायफाय. दोन्ही कागदांवरचं अक्षर वेगळं, हिशेबाची रीत वेगळी, पण शेवटची ओळ बहुतेक वेळा एकच: ‘इतर साहित्य, एकरकमी’. घासाघीस होते ती वरच्या ओळींवर. कॅमेरा दोन मेगापिक्सलचा की पाचचा, बटण पांढरं की करडं, यावर तासभर बोलणं चालतं. शेवटची ओळ कुणी वाचत नाही, आणि खर्च वाढला की पहिली कात्री तिलाच लागते.

त्या ओळीत काय काय येतं? भिंतीत बसवायचे पत्र्याचे डबे, त्यावरच्या प्लेटा, ब्लँक प्लेटा, थिंबल, लग, केबलचे ग्लँड, न्यूट्रल लिंक, अर्थिंगची तार, सर्ज अरेस्टर. नेटवर्कच्या बाजूनं पाहिलं तर आरजे-४५ प्लग, कीस्टोन, पॅच कॉर्ड, पॅच पॅनेल, एसएफपी मॉड्यूल, रॅक, रॅकचे नट-बोल्ट, पॉवर अ‍ॅडाप्टर. मला या लेखात एवढंच सांगायचं आहे की निवड या शेवटच्या ओळीपासून सुरू करावी. विजेचा स्विच असो की नेटवर्कचा, बऱ्या कंपनीचा अस्सल माल घेतला तर तो सहसा वर्षानुवर्षं चालतो. जळतं, गंजतं, सैल होतं ते त्याच्या आजूबाजूचं. आणि आजूबाजूला काय लावायचं हे कंपनीचा कॅटलॉग ठरवू शकत नाही. ते ठरवते तिथली माती, पाऊस, भिंत, अंतर आणि काम करणारी माणसं.

या पट्ट्यात तर ते फारच खरं आहे. बेळगाव ते निपाणी हे अंतर महामार्गानं पाऊणशे किलोमीटर. पण बेळगाव शहर आणि खानापूरची बाजू जांभ्या दगडावर बसलेली, पावसाळ्यात भिंती महिनोन्‌महिने ओल्या. पुढे निपाणीकडे काळी जमीन, पाऊस कमी, तंबाखू आणि ऊस. वीज देणाऱ्या संस्थाही बदलतात. बेळगाव शहरात हेस्कॉम. मध्ये हुक्केरी तालुक्यात हुक्केरी ग्रामीण वीज सहकारी संस्था. १९६९ साली देशात प्रयोग म्हणून ज्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या त्यांतली ही एक. महाराष्ट्रातल्या मुळा-प्रवरा संस्थेची ती बहीणच म्हणायची. मुळा-प्रवराचा कारभार २०११ मध्ये महावितरणकडे गेला, हुक्केरीची संस्था टिकून राहिली. निपाणीत पुन्हा हेस्कॉम. कोगनोळीचा नाका ओलांडून कागलकडे गेलं की महावितरण.

निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर आणि बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब. त्यामुळे निपाणीचा माल पुष्कळदा कोल्हापुरातून येतो, वायरमनही तिकडून येतो. मालाच्या बाबतीत १ जुलै २०१७ नंतर फारसा प्रश्न उरला नाही. जीएसटीचा दर दोन्हीकडे सारखा, बटणाला आणि नेटवर्क स्विचला १८ टक्केच; पन्नास हजारांवरचा माल राज्याची हद्द ओलांडणार असेल तर ई-वे बिल लागतं, इतकंच. माणसाच्या बाबतीत मात्र प्रश्न आहे. विजेच्या कामाचा ठेकेदाराचा परवाना राज्य सरकार देतं. महाराष्ट्राचा परवाना असलेल्या माणसानं निपाणीत कितीही नेटकं काम केलं तरी त्याच्या सहीवर इथलं कनेक्शन मिळत नाही. मग काम एकाचं आणि रिपोर्टवर सही दुसऱ्याची, असं होतं. सही करणाऱ्यानं भिंतीच्या आतला डबा पाहिलेला नसतो. हे चालू आहे आणि ते धोक्याचं आहे. मालकानं निदान सही करणाऱ्याला प्लास्टर व्हायच्या आधी एकदा जागेवर बोलवावं. हा मालकाचा हक्क आहे.

भिंतीच्या आत

एक साधा हिशेब मांडतो. बेळगावच्या थंडीत गिझर घरोघरी असतो. दोन किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. सॉकेटच्या मागे तारेचा स्क्रू नीट आवळला असेल तर त्या जोडाचा रोध नगण्य. पण तारेचे पदर स्क्रूखाली पसरले, किंवा दोन जाड तारा एकाच भोकात कोंबल्या आणि तो रोध एक दशांश ओहमवर गेला, तर तेवढ्याशा जागेत साडेसात वॉटची उष्णता तयार होते. हल्लीचा एक एलईडी बल्ब एवढ्याच विजेवर खोली उजळतो. ती सगळी उष्णता मोहरीएवढ्या जागी, प्लास्टिकला चिकटून, रोज सकाळी अर्धा तास. आधी प्लेट पिवळी पडते, मग वास येतो. एमसीबी पडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. म्हणून ‘एमसीबी आहे ना, मग काळजी कशाला’ हे म्हणणं इथे लागू पडत नाही.

यावर उपाय म्हणजे थिंबल. बारीक पदरांची तार पिन थिंबलमध्ये घालायची, क्रिम्पिंगच्या पकडीनं दाबायची आणि मग स्क्रूखाली द्यायची. पकड मात्र खरी क्रिम्पिंगची हवी. साध्या पक्कडीनं चेपलेलं थिंबल हे न लावलेल्या थिंबलपेक्षा वाईट, कारण ते दिसायला ठीक दिसतं. थिंबलचा खर्च सबंध घराच्या कामात डोळ्यांत भरण्याइतकाही नसतो. तरी कोटेशनात ते क्वचितच वेगळं लिहिलेलं सापडतं.

मॉड्युलर बोर्ड आले तशी निवडीची दुसरी गंमत सुरू झाली. पूर्वी लाकडी पेटीवर सनमायकाचा पत्रा असायचा, कुणाचंही बटण कुणाच्याही शेजारी बसायचं. आता एका कंपनीचं मॉड्यूल दुसऱ्या कंपनीच्या फ्रेममध्ये बसत नाही. म्हणजे प्लेट निवडली की पुढची पंधरा वर्षं त्या कंपनीशी गाठ. म्हणून कोणती कंपनी हे विचारण्याआधी त्या मालिकेची ब्लँक प्लेट, नेटवर्कचं सॉकेट आणि १६ अँपिअरचं सॉकेट आपल्या गावातल्या दुकानात नेहमी मिळतं का, हे विचारावं. आज बेळगावात मिळणारी आणि चिकोडी-निपाणीत ऑर्डर देऊन मागवावी लागणारी मालिका निपाणीच्या घरात लावू नये. एक सॉकेट गेलं आणि तेवढ्यासाठी आठवडा थांबायची वेळ आली की माणूस दुसऱ्या कंपनीचं मॉड्यूल चिकटपट्टीवर बसवतो, आणि ते कायमचंच तसं राहतं.

ब्लँक प्लेट हा विषय मी मुद्दाम काढतो. बोर्डातलं रिकामं घर उघडं ठेवण्यानं दिसायला वाईट दिसतं एवढंच लोकांना वाटतं. पण या भागात पावसाळ्याच्या तोंडावर मुंग्या आणि पाली कोरडी, उबदार जागा शोधत बोर्डात शिरतात. पाल दोन तारांवर आडवी पडली की काय होतं ते पुष्कळांनी पाहिलेलं आहे. वडगाव-खासबागच्या मागवाल्या घरांत आणखी एक शत्रू आहे, तूस. यंत्रमागाभोवती उडणारं ते तूस बोर्डाच्या प्रत्येक फटीत जाऊन बसतं, ठिणगीची वाट पाहत. तिथे शटर असलेलं सॉकेट, बंद बसणारी ब्लँक प्लेट आणि केबल आत जाते त्या भोकाला ग्लँड, या तीन गोष्टी बटणाच्या ब्रँडपेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाच्या आहेत.

दुकानात गेल्यावर पाहायच्या गोष्टी फार नाहीत. बटण, सॉकेट, वायर, एमसीबी यांच्यावर आयएसआयचं चिन्ह असणं सक्तीचं आहे. बटणाला आयएस ३८५४, प्लग-सॉकेटला आयएस १२९३, वायरला आयएस ६९४. चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर तो टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे की नाही हे काउंटरवर उभ्या उभ्या कळतं. ‘चालतंय की, सगळे हेच नेतात,’ असं पलीकडून ऐकू येईल. नम्रपणे हसावं आणि क्रमांक टाकावा.

सगळ्या देशांचे पिन बसणारं ‘युनिव्हर्सल’ सॉकेट मात्र टाळावं. आपले गोल तीन पिन ब्रिटिशांच्या जुन्या बीएस ५४६ या प्रमाणातून आलेले. खुद्द ब्रिटननं १९४७ मध्ये चौकोनी पिनांचं बीएस १३६३ आणलं आणि गोल पिन सोडले. आपण ते ठेवले, दक्षिण आफ्रिकेनंही ठेवले. त्यात काही बिघडलं नाही, गोल पिन चांगलेच आहेत. पण गोल आणि चौकोनी दोन्ही पकडायला काढलेलं भोक एकालाही घट्ट पकडत नाही, आणि सैल पकड म्हणजे वरचा साडेसात वॉटचा हिशेब. आखातातून आणलेल्या इस्त्रीसाठी घरातलं सॉकेट बदलू नये, इस्त्रीचा प्लग बदलावा.

ओल्या भिंतीची आणखी एक खोड सांगायला हवी. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर अ‍ॅल्युमिनियमची, घरातली तांब्याची. दोन्ही एकमेकींना गुंडाळून वर टेप मारला की ओलीत दोन धातूंची झटापट सुरू होते, अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, जोड तापतो आणि घरातले दिवे मिचमिचू लागतात. खानापूर-जांबोटीच्या बाजूला हे दरवर्षी जुलैत दिसतं. यासाठी द्विधातू थिंबल मिळतं, एका टोकाला अ‍ॅल्युमिनियम, दुसऱ्या टोकाला तांबं. ते मागून घ्यावं लागतं. आपण होऊन कुणी लावत नाही.

पुराचंही इथेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी निपाणीजवळ यमगर्णीत महामार्गावर चढलं आणि रस्ता बंद पडला. नदीकाठच्या घरांत बोर्ड, मीटर, इन्व्हर्टर सगळं पाण्यात गेलं. पाणी ओसरल्यावर लोकांनी बोर्ड उघडून उन्हात वाळवले आणि पुन्हा लावले. वायर एक वेळ वाळवून, मेगरनं तपासून वापरता येते. पाण्यात बुडालेला एमसीबी, आरसीसीबी, सॉकेट मात्र टाकूनच द्यायला हवं. आतल्या स्प्रिंगवर आणि संपर्कांवर बसलेला गाळ आणि गंज दिसत नाही, आणि ज्या दिवशी एमसीबीनं वीज तोडायला हवी त्याच दिवशी तो तोडत नाही. नदीकाठी नवं काम काढणाऱ्यानं आधी भिंतीवरची पुराची खूण शोधावी, सॉकेट तिच्या वर घ्यावीत, आणि तळमजल्याचं सर्किट वेगळं ठेवावं, म्हणजे खाली पाणी आलं तरी वरच्या मजल्यावर दिवा राहतो.

जांभा आणि काळी

अर्थिंगकडे येऊ, कारण विजेचं काम आणि नेटवर्कचं काम इथेच एकमेकांना भेटतं. खड्ड्यात पाइप पुरला, मीठ-कोळसा घातला, पाणी ओतलं, झालं अर्थिंग, असं समजतात. निपाणीच्या काळ्या जमिनीत ते बऱ्यापैकी निभावून जातं. काळी माती ओल धरून ठेवते आणि प्रवाहाला वाट देते. बेळगावच्या जांभ्यात तसं होत नाही. जांभा पाणी झिरपवून टाकतो, मार्च-एप्रिलपर्यंत कोरडा ठक्क होतो, आणि पावसाळ्यात चांगला निघालेला अर्थचा आकडा उन्हाळ्यात कितीतरी वर गेलेला असतो. वळिवाच्या विजा कडाडतात त्या नेमक्या एप्रिल-मेमध्ये. म्हणून जांभ्यावरच्या घराला एकाऐवजी दोन-तीन इलेक्ट्रोड अंतर राखून, एकमेकांना जोडून, भोवती बेंटोनाइटसारखी ओल धरणारी माती भरून बसवावेत, आणि मोजणी मे महिन्यात करून घ्यावी. जुलैतल्या मोजणीनं खोटा दिलासा मिळतो.

सर्ज अरेस्टर हल्ली बरेच जण मागतात, हे चांगलं आहे. तो बसवताना होणारी चूक मात्र सगळीकडे एकच: डीबीच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युशन बोर्डाच्या, बाहेर सोयीच्या कोपऱ्यात अरेस्टर आणि तिथून मीटर-दीड मीटर वळसे घेत आलेली तार. विजेचा झटका इतक्या थोड्या वेळात चढतो की सरळ तारेतसुद्धा दर मीटरमागे हजार व्होल्टच्या घरात दाब उभा राहतो. अरेस्टरनं आपलं काम चोख केलं तरी तारेवरचा हा दाब घरातल्या उपकरणांच्या वाट्याला येतोच. त्याच्या दोन्ही तारा मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवाव्यात, असं आंतरराष्ट्रीय प्रमाण सांगतं. म्हणजे महाग अरेस्टर घेण्याआधी डीबीतच त्याला जागा आहे का ते पाहायचं. दोन मॉड्यूल मोठी डीबी घेणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त इलाज.

आता आरसीसीबी. गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारं हे यंत्र घरासाठी ३० मिलिअँपिअरचं असतं आणि माणसाचा जीव वाचवणारं तेच एक आहे. या भागात ते लावलेलं असतं आणि पुष्कळ ठिकाणी ‘सारखं पडतंय’ म्हणून बाजूला केलेलंही असतं. एखाद्या क्लासमध्ये, पतसंस्थेत, पंचायतीच्या कचेरीत जाऊन पाहा. दहा-बारा संगणक, त्यांचे पॉवर सप्लाय, नेटवर्क स्विच, राउटर, यूपीएस, सगळे एकाच आरसीसीबीवर. प्रत्येक सप्लायच्या आतल्या फिल्टरमधून थोडा प्रवाह अर्थकडे जातो. तो दोष नसतो, रचनाच तशी असते. एका यंत्राचा दीड मिलिअँपिअर धरला तरी डझनभरांचा मिळून पंधराच्या वर जातो. आणि ३० चा आरसीसीबी प्रमाणाप्रमाणे १५ च्या पुढे केव्हाही पडू शकतो. विजेचा माणूस म्हणतो संगणकात फॉल्ट आहे, संगणकवाला म्हणतो वायरिंगमध्ये आहे, दोघेही आपापल्या परीनं खरं बोलतात आणि शेवटी आरसीसीबी काढला जातो. खरा उपाय म्हणजे संगणकांचं सर्किट दोन-तीन आरसीसीबींवर वाटून देणं आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी ‘ए’ प्रकारचा आरसीसीबी घेणं. हे कोटेशन लिहितानाच ठरलं तर थोडक्यात होतं. नंतर डीबी बदलावी लागते.

नेटवर्कचा माणूस

नेटवर्कचं काम करणारी मुलं या पट्ट्यात फार झपाट्यानं तयार झाली. आधी केबल टीव्ही, मग इंटरनेट, मग कॅमेरे. हुशार आहेत, उन्हातान्हात टॉवरवर चढतात, रात्री फोन उचलतात. त्यांच्या हातात मालक जे साहित्य देतो त्यावर त्यांची मेहनत तरते किंवा बुडते.

सगळ्यात मोठी फसवणूक केबलमध्ये आहे. कॅट-६ असं छापलेल्या खोक्यात पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार निघते. वजनाला खोका हलका लागतो. तार चाकूनं खरवडली की आतून पांढरी. नेटवर्क केबलच्या प्रमाणांत अशी तार बसतच नाही. साध्या संगणकाला ती काही दिवस चालते, पण कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीजही द्यायची असते आणि तिथे ती उघडी पडते.

हिशेब असा. नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्याच्या पद्धतीला पीओई म्हणतात. तिच्या २००९ च्या प्रमाणाप्रमाणे, म्हणजे ८०२.३एटी प्रमाणे, स्विचच्या पोर्टमधून ३० वॉट निघतात. शंभर मीटर चांगल्या केबलचा जाऊन-येऊन रोध १२.५ ओहम धरलेला आहे, प्रवाह ०.६ अँपिअर. वाटेत साडेचार वॉट जळतात, कॅमेऱ्याच्या तोंडाशी साडेपंचवीस पोचतात. प्रमाणात हाच आकडा छापलेला आहे. आता मुलाम्याची तार घ्या, रोध दीडपटीच्या वर, वीस ओहमच्या आसपास. वाटेत सव्वासात वॉट जातात आणि टोकाशी दाबही पडतो. दिवसा फिरता कॅमेरा चालतो. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले, मोटर फिरली की तो बंद पडतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा पडतो. मालक कॅमेरा बदलून घेतो, मग स्विच बदलतो. केबलकडे कुणी पाहत नाही, कारण ती आता भिंतीत आहे. मग बंडलमध्ये सगळ्या तारांची उष्णता साचते ते वेगळंच.

केबल खरी घेतली तरी तिच्या टोकाचा प्लग तिच्याच मापाचा हवा. कॅट-६ ची तार जाड, कॅट-५ई च्या प्लगच्या भोकांत ती शिरत नाही. मग मुलं इन्सुलेशन तासून घुसवतात. सलग तारेचे आणि पदरी तारेचे प्लगही वेगळे असतात. खरं म्हणजे भिंतीतल्या केबलच्या टोकाला प्लग मारूच नये. ती कीस्टोनमध्ये किंवा पॅच पॅनेलवर संपवावी आणि तिथून यंत्रापर्यंत कारखान्यात बनलेली पॅच कॉर्ड लावावी. ओढाताण, हिसके, उंदीर हे सगळं पॅच कॉर्डच्या वाट्याला येतं आणि ती पाच मिनिटांत बदलता येते. दोन इंच खोल डब्यात कीस्टोन बसवताना केबल काटकोनात मोडते, हेही लक्षात ठेवावं; कॅट-६ ला निदान स्वतःच्या जाडीच्या चौपट त्रिज्येचं वळण हवं, म्हणजे इंचभर. डबा खोल घेण्याचा निर्णय गवंडी भिंत फोडतो त्याच दिवशी घ्यावा लागतो, आणि त्या दिवशी नेटवर्कचा माणूस साइटवर नसतो. दोन धंद्यांच्या मधली ही फट मला सगळ्यात जास्त खटकते.

शंभर मीटरच्या पुढे तांब्याची केबल चालत नाही. ऊस पट्ट्यातल्या साखर कारखान्यात काटा गेटजवळ, ऑफिस आत, मध्ये यार्ड. गाडीचं वजन ऑफिसात पोचायला हवं, कारण त्यावर शेतकऱ्याचं बिल ठरतं. तिथे मध्ये-मध्ये छोटे स्विच ठेवून तांब्याची केबल पुढे ढकलण्याचे प्रकार होतात. प्रत्येक छोट्या स्विचला अ‍ॅडाप्टर, प्रत्येक अ‍ॅडाप्टरला सॉकेट, आणि उघड्या यार्डात वळिवाचा मारा. दोन इमारतींचे अर्थ वेगळे असले की विजेच्या कडकडाटात त्यांच्यामध्ये दाबाचा फरक पडतो आणि तांब्याची केबल त्याला वाट करून देते. दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. इमारत ते इमारत फायबरच टाकावी. काचेतून वीज जात नाही.

फायबर घेतली की शेवटच्या ओळीत नवं साहित्य येतं आणि त्यातही घोळ होतो. एकाच तंतूवरून दोन्ही दिशांना बोलणारे एसएफपी, म्हणजे स्विचमध्ये फायबर जोडायचे मॉड्यूल, जोडीनं घ्यावे लागतात: एक १३१० नॅनोमीटरवर पाठवणारा, दुसरा १५५० वर. दोन्ही सारखे आणले तर दिवे लागतात पण लिंक येत नाही. घरगुती इंटरनेटच्या जोडाला हिरवं टोक असतं, तिरकं, आठ अंशात घासलेलं. एसएफपीच्या बाजूचं निळं, सरळ. हिरवं निळ्यात दाबून बसवलं की प्रकाश वाया जातो आणि काचेची टोकं एकमेकांना ओरबाडतात. काही कंपन्यांचे स्विच दुसऱ्याचं मॉड्यूल ओळखतच नाहीत. म्हणून एसएफपी मागवताना स्विचचा मॉडेल क्रमांक, अंतर, तंतूचा प्रकार आणि टोकाचा रंग, चारही लिहून द्यावं.

उद्यमबागच्या फाउंड्र्यांत वेगळाच प्रश्न. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींपासून धंद्याची सुरुवात केली ती बेळगावात. १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले तरी ओतकामाची, यंत्रांची हातोटी या गावात राहिली. आज फाउंड्रीतल्या भट्टीवर, सीएनसी यंत्रावर नेटवर्क आलेलं आहे. तिथे ऑफिसातला स्विच नेऊन ठेवला की त्याच्या पंख्यातून लोखंडाची आणि वाळूची धूळ सरळ आत जाते. अशा जागी बिनपंख्याचा, ३५ मिलिमीटर डिन रेलवर बसणारा औद्योगिक स्विच घ्यावा. साध्या ऑफिसी स्विचची हमी बहुधा ४० अंशांपर्यंतची असते, याची ७० च्या पुढेही. पेटी निदान आयपी ५४ ची, आणि केबल जिथे शिरते तिथे प्रत्येकीला स्वतंत्र ग्लँड. पेटी आयपी ६५ ची घेऊन तिच्या तळाला होलसॉनं भोक पाडलं आणि दहा केबल एकदम आत ओढल्या, तर त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. निपाणीच्या तंबाखू वखारींतही हेच. भुकटी इतकी बारीक असते की पंखा लावलेला रॅक हंगामभरात तपकिरी होतो. तिथे मी रॅकचा पंखाच काढून टाकायला सांगेन, आणि स्विच वखारीत न ठेवता शेजारच्या ऑफिसात ठेवून फक्त केबल आत न्यायला.

रॅकविषयी दोन शब्द. रॅकची उंची यू मध्ये मोजतात, एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. स्विच एक यू, पॅच पॅनेल एक, केबल मॅनेजर एक, पॉवरची पट्टी एक, यूपीएस असला तर दोन. सहा यू चा रॅक पहिल्याच दिवशी भरतो. उंचीपेक्षा खोलीकडे दुर्लक्ष होतं. पीओई स्विच लांबीला जास्त असतो, मागे प्लगला आणि वळणाला जागा लागते, आणि दार बंद होत नाही म्हणून ते काढून भिंतीला टेकवलेलं असतं. रॅकला अर्थची तार जोडायला स्क्रू दिलेला असतो. तो मला बहुतेक ठिकाणी कोराच दिसतो, कारण विजेचा माणूस समजतो हे नेटवर्कवाल्याचं काम आणि नेटवर्कवाला समजतो हे विजेच्या माणसाचं.

यावर काय करता येईल? बेळगावातल्या काही नव्या बांधकामांत मी एक चांगली पद्धत पाहिली. भिंत फोडायच्या आधी दोन्ही कारागीर एकाच नकाशावर आपापल्या रंगात रेघा मारतात. विजेची आणि डेटाची केबल एका पाइपात जाणार नाही, रॅकसाठी १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट आणि अर्थची तार कोण आणणार, हे त्यावर लिहिलेलं असतं. ‘इतर साहित्य’ ही ओळ मग फुटून वीस-बावीस ओळींची होते आणि प्रत्येकीसमोर नग आणि माप येतं. एकूण रक्कम थोडी वाढते, पण पुढे कुणाला भिंत फोडायला लागत नाही.

लेबलांचाही निर्णय त्याच बैठकीत व्हावा. या भागात रात्री फॉल्ट काढायला येणारा माणूस मराठी बोलणारा असेल की कन्नड, हे सांगता येत नाही. डीबीवर ‘आईची खोली’ आणि पॅनेलवर ‘मागचा कॅमेरा’ असं लिहिलं तर लिहिणाऱ्याशिवाय कुणाला उपयोग नाही. आकडे लिहावेत, तेच आकडे केबलच्या दोन्ही टोकांना फेरूलवर घालावेत, आणि आकड्यांची यादी दोन्ही लिप्यांत छापून डीबीच्या दाराच्या आत चिकटवावी. त्याच यादीखाली आरसीसीबीचं ‘टेस्ट’ बटण शेवटचं कधी दाबलं त्या तारखांसाठी एक रकाना सोडावा. ते बटण दर सहा महिन्यांनी दाबायचं असतं. दाबल्यावर वीज गेली नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी नवा आरसीसीबी आणायला जायचं.